तुटीचा हंडा

१ मार्च, रविवार

दौलतचा फोन आला. "क्षिप्राताई, यंदा हंडा नको हं!" आणि हसला. मीही हसले. फोन ठेवल्यावर कळलं, तो विनोद नव्हता, निरोप होता.

बरोबरच आहे म्हणा. सरकार आता आपलं. अकरा वर्षं विरोधात घासली, तेव्हा कुठे आपलं झालं. शुक्रवारी आपलाच मंत्री राज्याचा अर्थसंकल्प मांडणार. आपल्याच सरकारसमोर चौकात हंडा घेऊन कोण उभं राहतं?

हंडा गॅलरीत स्टुलावर उपडा आहे. तांब्याचा, आईचा. ठाकुर्लीत पाणी येत नव्हतं तेव्हा मोर्चात नेला होता, तेवढीच त्याची पक्षाशी ओळख. मग एका वर्षी अर्थसंकल्पावर चौकसभा घ्यायची ठरली. मी आकडे वाचायला घेतले की माणसं पांगायची. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेली बाई मी, मला काय ते नवीन नव्हतं. पण वर्गाला दार असतं, चौकाला नसतं. म्हणून हंडा घेऊन कल्याणला तानाजीच्या भांड्यांच्या दुकानात गेले आणि म्हटलं, बुडाला भोक पाड. तो बघतच राहिला. "ताई, जन्मभर भोकं बुजवली. पाड म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

तेव्हापासून दर वर्षी तेच. बादली ओतायची, हा तुमचा-आमचा कर. खालून धार लागते, हे पगार, व्याज आणि निवडणुकीआधीच्या घोषणा. हंडा काही भरत नाही. मग शेजारणीची बादली उसनी आणायची, हे कर्ज. आणि ती परत करताना बादलीवर एक तांब्या जास्त द्यायचा, हे व्याज. पुढच्या वर्षी तो तांब्या भरायलाही उसनी बादली! एवढंच. लहान मुलाला कळतं. हंडा रिकामा होईपर्यंत माझं भाषण पुरं व्हायचं, भोक तानाजीने असं बेतून पाडलं होतं.

आणि हंडा खांद्यावर घेऊन ठाकुर्लीहून डोंबिवलीच्या चौकापर्यंत चालत कोण यायचं? दौलत. आता तो पक्षाचा बडा नेता, त्याच्या गाडीला पुढे एक गाडी आणि मागे एक गाडी असते.

५ मार्च, गुरुवार

पक्ष कार्यालयात बैठक. नवीन फरशी, नवीन एसी. मी शाल न्यायला विसरले, कुडकुडले. पूर्वी त्याच खोलीत उकाड्याने जीव जायचा, पण पहिल्या रांगेतली खुर्ची माझी असायची. आज तिसऱ्या रांगेत बसवलं. बसले.

उद्या वाहिन्यांवर काय बोलायचं ते दौलत सांगत होता. 'तूट' शब्द कोणी काढला तर आपण 'गुंतवणूक' म्हणायचं. मी हात वर केला. म्हटलं, दौलत, पूल बांधायला कर्ज काढलं तर पूल तरी उरतो. रोजचा खर्च भागवायला काढलं तर मागे काय उरतं? हे मीच शिकवलंय तुला. बायकांच्या खात्यात पैसे टाका, माझी ना नाही. पण कुठून आणता ते सांगा.

मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडमचा तास सुरू झाला." हशा. दौलत गोड हसून म्हणाला, "ताई, तूट तर अमेरिकेलाही असते." टाळ्या.

हेच वाक्य मागच्या सरकारचा मंत्री म्हणाला होता. दौलत चौकात त्याची नक्कल करायचा, नाक वर करून. लोक हसून लोळायचे. आज नाक खाली होतं, एवढाच फरक.

६ मार्च, शुक्रवार

अर्थसंकल्प. टीव्हीसमोर वही-पेन घेऊन बसले, सवयीने. दोन तास भाषण, त्यात तुटीचं वाक्य शेवटी, घाईत, पाणी प्यायच्या आधी. ज्या आकड्यावर आम्ही चौक दणाणून सोडत होतो, त्याच्या दुप्पट!

फोन वाजला नाही. दर वर्षी या दिवशी तो गरम होऊन बंद पडायचा. "ताई, किती वाजता?" "ताई, बादल्या किती?" "ताई, भजी सांगू का?" सभेनंतर चौकातल्या गाडीवर चाळीस माणसांची भजी. माझ्या वाटणीची मिरची दौलत काढून ठेवायचा.

संध्याकाळी बातम्यांत दाखवलं, विरोधकांनी चौकात काळे फुगे सोडले. फुगे! ज्यांच्या सरकारवर मी अकरा वर्षं हंडा रोखला, ते आता विरोधात, आणि एवढ्या मोठ्या तुटीला त्यांच्याकडे फुगे. इतका राग आला की टीव्ही बंद केला. मग शांतता सहन होईना म्हणून परत लावला.

८ मार्च, रविवार

आज कोणाशी बोलले नाही. दूधवाल्याला "एकच पिशवी" म्हटलं, तेवढंच.

९ मार्च, सोमवार

दुपारी बेल. दारात एक पंचविशीची मुलगी, हातात हेल्मेट. "मॅडम, मी संचिता. समोरच्या पक्षात आहे, युवा आघाडी. तुमचा हंडा मिळेल का?"

असं तोंडावर! मी दार लावणार होते. पण फुगे डोक्यात होते. म्हटलं, आत ये आधी. फुगे कुणाची अक्कल? म्हणाली, "माझीच." मग मी तिला उभ्या उभ्या झापलं. फुगा वर जातो, लोक वर बघतात, टाळ्या वाजवतात, घरी जातात. तूट वर जाताना दिसते का? खाली जाताना दिसली पाहिजे, पायाशी, चप्पल भिजली पाहिजे.

ती ऐकत होती आणि हसत होती. "म्हणूनच तर आले ना. बारावीत होते तेव्हा क्लासवरून येताना थांबून बघायचे. तुम्ही आमच्याच सरकारला धुवत होता, पण काय भारी धुवायचा!"

गाव खडवली, वडील तिथेच असतात. ही घोडबंदर रोडला एका कंपनीत, तिथेच तिघीजणी मिळून राहतात. ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकून आलेली, उपाशी. थालीपीठ लावलं. तीन खाल्ली, वर लोणी मागितलं. हंडा देणार नाही असं स्पष्ट सांगितलं. "ठीकाय, नका देऊ. पण शिकवाल का? मला खरंच नाही कळत, महसुली काय नि राजकोषीय काय."

गेली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. ताटं दोन घासली. बरं वाटलं.

१२ मार्च, गुरुवार

परत आली. या वेळी छापलेले कागद घेऊन, पेन्सिलने खुणा केलेल्या. प्रश्न चांगले विचारते. "मॅडम, म्हणजे तूट वाईट नाही, तूट लपवणं वाईट?" बरोबर, म्हटलं. वाईट तूटही असते. पण लपवली की चांगली-वाईट निवडताच येत नाही. हे कळायला दौलतला चार वर्षं लागली होती. की त्याला कळलंच नव्हतं?

मग हौस म्हणून गॅलरीत हंडा सरळ केला, एक बादली ओतली. धार सुरू होताच खालून सुझाना ओरडली, "काय गो बाय, परत सुरू झाली तुजी तूट? माज्या चादरी!"

सुझाना खालच्या मजल्यावर राहते. वसईकडची, नवरा गेला, मुलगा टोनी दुबईला. गॅलरीत वाळत घातलेल्या तिच्या चादरींवर दर फेब्रुवारी-मार्चला माझ्या सरावाचं पाणी पडतं आणि ती दर वर्षी ओरडते. त्यापलीकडे आमचं बोलणं नाही. जिन्यात भेटली की "कशी हायस" आणि "बरी आहे", संपलं.

संचिता हसून हसून खाली बसली. जाताना म्हणाली, "येते मावशी." मॅडमची मावशी कधी झाले, मला कळलं नाही. मी टोकलं नाही, उगाच परत मॅडम म्हणायची.

१३ मार्च

बाजारातून लोणी आणून ठेवलं. मी खात नाही.

१५ मार्च, रविवार

दौलत स्वतः घरी! जिन्यात चार माणसं उभी करून एकटा वर आला. पेढे आणले. खुर्चीवर बसला नाही, गॅलरीत गेला आणि हंड्यावर टिचकी मारली.

"ताई, त्या संचिताचं येणं-जाणं वाढलंय म्हणे."

म्हटलं, माझ्या घरी कोण येतं ते आता कार्यालयात कळतं का? हसला. मग मुद्द्यावर आला. वित्त अभ्यास समिती होतेय, तज्ज्ञ म्हणून माझं नाव त्याने सुचवलंय. महिन्याला एक बैठक, गाडी न्यायला येईल. "तुमच्या ज्ञानाचा मान राखायचाय." मी विचारलं, समितीत 'तूट' म्हणायची परवानगी आहे का? म्हणाला, "आतमध्ये म्हणा ना! बाहेर कशाला? पक्ष म्हणजे घर असतं ताई."

"घर गळायला लागलं की घरातलीच माणसं आधी ओरडतात, दौलत."

तो गॅलरीतून आत आला. मग अगदी हळू, वाईट वाटून बोलावं तसं म्हणाला, "ताई, पक्ष सोडून तुम्हाला कोण आहे दुसरं?"

एवढं बोलून गेला. पेढे तसेच आहेत. मी उत्तर शोधते आहे दुपारपासून. लग्न केलं नाही ते कुणाच्या आग्रहाने नाही, माझ्या मर्जीने. आई होती तोवर आई होती. नंतर पक्ष. दिवाळीला फराळ नेला तो कार्यालयात, आजारी पडले तर डबा आला तो कार्यकर्त्यांच्या घरून. खरं बोलला तो. म्हणून तर इतकं लागलं.

१६ मार्च

समितीला हो म्हणावं का? दिवसभर हाच घोळ. गाडी न्यायला येईल. कोणीतरी न्यायला येईल.

१७ मार्च, मंगळवार

संचिताला फोन केला, मीच. सगळं सांगितलं. म्हटलं, तूही उद्या सत्तेत आलीस की हंडा विसरशील. तुमचे लोक अकरा वर्षं काय करत होते? तेही 'तूट अमेरिकेलाही असते' म्हणत होते. तुम्हाला तुटीचं काही पडलेलं नाही, तुम्हाला हंडा हवाय.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पक्षाचं माहीत नाही मावशी. मी नाही विसरणार. आईशप्पथ." शप्पथ घ्यायचं वय आहे का हे! पण आवाजावर विश्वास बसला माझा.

१९ मार्च, पाडवा

नववर्षाची शोभायात्रा गॅलरीतून पाहिली. दर वर्षी पुढे ध्वजापाशी असायचे, नऊवारी नेसून. यंदा कोणी विचारलं नाही. ढोल लांब जाईपर्यंत कठड्याला धरून उभी होते. खाली सुझानाही तिच्या गॅलरीत उभी होती, तिचा अंबाडा दिसत होता वरून.

दुपारी संचिता श्रीखंड घेऊन आली, पिवळा ड्रेस घालून. जेवलो. हात धुताना मी म्हटलं, हंडा घेऊन जा.

ती बघतच राहिली. म्हटलं, हो. सोमवारी सभागृहात अर्थसंकल्प मंजूर होणार, त्या दिवशी कर. बादली आधी ओतायची, बोलायला मग लागायचं. धार बारीक झाली की आवाज वाढवायचा. उसनी बादली आणताना शेजारणीचं नाव घ्यायचं, खरं नाव, म्हणजे लोक हसतात. आणि तांब्या शेवटी दाखवायचा, आधी नाही.

स्कूटरवर पुढे हंडा, मागे ती. गॅलरीतून वळेपर्यंत पाहिली. समितीला नकार कळवला दौलतला, एका ओळीत.

२३ मार्च, सोमवार

गेले! जायचं नव्हतं, गेले. औषधांच्या दुकानाच्या पायरीवर, तोंडावर पदर घेऊन, अगदी चोरासारखी.

काय केलं पोरीने! सुरुवातीला वीस माणसं असतील, धार सुरू झाल्यावर रिक्षावालेही उतरून आले. ती आकडा बोललीच नाही. म्हणाली, "काका, तुमची चप्पल भिजली ना? तुमची भिजली, मंत्र्याची नाही!" हे माझं नव्हतं, हे तिचं. तांब्या वर धरला तेव्हा चौक शांत झाला. वाटलं, चला, मी नसले तरी हे राहील.

पदर कधी खाली पडला कळलंच नाही. कोणीतरी फोटो काढला.

२४ मार्च, मंगळवार

पक्षाच्या सगळ्या ग्रुपमधून काढलंय. एकेक करून, सकाळी सात ते आठ. महिला आघाडी, ज्येष्ठ कार्यकर्ते, ठाकुर्ली विभाग. शेवटी 'आपला परिवार'. तो ग्रुप मीच सुरू केला होता.

तानाजीचा तेवढा फोन आला. "ताई, बरं केलंत. पण माझं नाव कुठे घेऊ नका, पोराचं टेंडरचं काम आहे त्यांच्याकडे." त्याला काय दोष द्यायचा.

संचिता म्हणाली, "मावशी, टेन्शन नको घेऊस. मी रविवारी येते, हंडा घेऊन. मस्त जेवू." आता 'घेऊस' वर आली आहे. येऊ दे.

२९ मार्च, रविवार

भरली वांगी केली, बाजरीची भाकरी, लोणी. दोनपर्यंत थांबले. मग तीन. फोन लागतो, उचलत नाही. ट्रॅफिक असेल. पाच वाजता भाकरी कडक झाली, एकटीने खाल्ली. सगळी खाल्ली, हट्टाने. पोट दुखतंय.

३१ मार्च

फोन बंद लागतोय. आजारी तर नाही? खडवलीला वडिलांकडे गेली असेल.

२ एप्रिल, गुरुवार

पेपरात पान तीन. संचिताच्या गळ्यात आपल्या पक्षाचं उपरणं, बाजूला दौलत, दोघं हात उंचावून. समोरच्या पक्षाची अख्खी युवा आघाडी तिने आणली. आणि खाली तिचं म्हणणं — "तुटीचा मी अभ्यास केला आहे. चांगली तूट आणि वाईट तूट यात फरक असतो. या सरकारची तूट चांगली आहे."

माझंच वाक्य. अर्धं.

चहा ओतून दिला मोरीत. नंतर दौलतचा फोन, मुद्दाम केलेला. "ताई, काय तयार केलीत पोरगी! प्रवक्ती करतोय तिला." मी म्हटलं, दौलत, तुलाही मीच तयार केलं होतं. आणि फोन ठेवला.

तिचा राग येत नाही म्हणून मला माझाच राग येतो. तिला बोलायला चौक हवा होता, माणसं हवी होती. मला काय वेगळं हवं होतं? पण तिने त्या रविवारी येऊन हे तोंडावर सांगितलं असतं, तरी मी जेवायला वाढलं असतं. खरंच वाढलं असतं.

३ एप्रिल

बोलले नाही कोणाशी.

४ एप्रिल, शनिवार

रिक्षावाल्याने हंडा आणून दारात ठेवला. चादरीत बांधलेला. फोनवर तिचा निरोप — "मावशी, पॉलिश करून दिलाय. सॉरी. कधीतरी समजून घेशील." निरोप वाचला आणि ठेवून दिला. तांबं असं लखलखतंय, आईच्या वेळीही नव्हतं.

स्टुलावर ठेवला गॅलरीत. नेहमी उपडा ठेवते, आज जोर नव्हता, सरळच ठेवला.

५ एप्रिल, रविवार

हंड्याला पॉलिशचा उग्र वास होता, गॅलरीतून घरभर येत होता. वास जावा म्हणून सकाळी त्यात दोन बादल्या ओतल्या आणि दार लावून आत येऊन पडले. आता खालून ओरडणार, ओरडू दे, असं म्हणत पडून राहिले. ओरडली नाही. आज ईस्टर, चर्चला गेली असेल.

तिचं ओरडणंसुद्धा नाही. दौलत म्हणाला होता, कोण आहे दुसरं. दिवसभर उठले नाही. गॅलरीत गेले नाही, दिवा लावला नाही, जेवले नाही.

६ एप्रिल, सोमवार

सकाळी बेल. सुझाना, हातात ईस्टरच्या गोडाची बशी, दम लागलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर आली. "काल चर्चमधून आले तोच पाणी ओतल्याचा आवाज आला. मी चादरी काढून बसले वाट बघत. थेंब नाय पडला! म्हटलं, बाय बरी हाय ना वरती?"

दोघी गॅलरीत गेलो. हंडा काठोकाठ, कालचा. दोघींनी मिळून कलंडवला, उलटा केला. बुडाचं भोक झाळून बुजवलेलं, वरून घासून गुळगुळीत. दौलतने की तिने, विचारणार नाही. सुझानाने बोट फिरवून पाहिलं आणि तिच्या भाषेत एक शिवी घातली, ती मी इथे लिहीत नाही.

आत्ता तानाजीकडून आले. गल्लीकडे पाठ करून बसला आणि मुकाट्याने भोक पाडून दिलं. बुधवारी अकरा वाजता, चौकात. पक्ष नाही, ग्रुप नाही. हंडा मी नेणार. शेजारणीची बादली घेऊन सुझाना स्वतः येते आहे, भाषण तोंडपाठ आहे म्हणाली, इतकी वर्षं खालून ऐकतेय. फक्त बादली परत देताना वर एक तांब्या जास्त पायजे, असं बजावलंय तिने.